थांबवलेली गाडी

बाबा, मी आज डहाणूला आले होते. घरी नाही, कामावर. तुम्ही वारलात तेव्हा मी अजून शाळकरीच होते, म्हणून आधी हे सांगते की मीही रुळांच्याच कामात आहे. गाड्या चालवणाऱ्या खात्यात नाही, त्या खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात. अपघात झाला की चौकशी आमची, आणि होऊ नये म्हणून आधीच जाऊन बघायचं कामही आमचंच. 'म्हणजे साहेब झालीस की गं,' असं म्हणून तुम्ही आईकडे बघितलं असतं.

इथे तलासरीची एक मुलगी कीमन आहे. हो, मुलगी. तुमच्यासारखीच हातोडा आणि पाना घेऊन सकाळी निघते, मैलन् मैल रूळ बघत चालते, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकते. गेल्या आठवड्यात तिला रुळाच्या जोडावर बारीक रेघ दिसली. तिने लाल झेंडा दाखवून मालगाडी थांबवली आणि मागच्या दोन पॅसेंजर अडकल्या. तिचा सुपरवायझर आला, वाकून बघितलं, त्याला काही दिसलं नाही. आता तिच्याकडून खुलासा मागायचं चाललं होतं.

"मॅडम, मला तडा वाटला," ती म्हणाली. "नसंल तर बरंच ना?"

"रोज हिला असं वाटायला लागलं तर गाड्या चालवायच्या कधी?" सुपरवायझर म्हणाला.

रूळ मशिनने तपासला का, असं मी विचारलं. नव्हता तपासला. मग मशिन येईपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. तिने तिच्या बाटलीतलं पाणी आधी मला दिलं. मशिनने रूळ आतून बघितला. ठणठणीत होता, वर नुसता ओरखडा. तिचा चेहरा उतरला. सुपरवायझर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, तिच्या घरी जरा पिण्याबिण्याचं आहे. समजून घ्या."

"रुळाबद्दल बोला," मी म्हणाले. "तिच्या घराबद्दल एक अक्षर नको." आवाज इतका चढला की लांब उभा असलेला आमच्या जीपचा ड्रायव्हरही वळून बघायला लागला. एवढं कशाला भडकलात, असं त्याने परतताना विचारलं. त्याला काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

मी चौथीत होते. थंडीत रूळ आकसतो, तडे तेव्हाच जातात, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. अशाच एका थंडीच्या सकाळी तुम्ही एक्स्प्रेस थांबवलीत. तो रूळ कुणी तपासायला पाठवला नाही. बदलून टाकला आणि विषय संपवला. पण गाडीला उशीर झाला होता, त्याला कुणीतरी जबाबदार हवं होतं. दोन दिवसांनी चौकशीचे साहेब क्वार्टरवर आले. तुम्ही ड्युटीवर होतात. आई आत तांदळाची भाकरी थापत होती. मी ओट्यावर पाढे लिहीत बसले होते. साहेबांनी माझ्या वहीचं कौतुक केलं, अक्षर छान आहे म्हणाले, आणि मग विचारलं, "बाबा घेतात का गं?"

मला वाटलं, खरं सांगितलं की शाबासकी मिळते. मी म्हणाले, "रविवारी कैनाडला आत्याकडे गेलो की ताडी घेतात."

महिन्याभरात तुम्हाला कीमनच्या कामावरून काढून गँगमध्ये खडी ओढायला लावलं. तुम्ही संध्याकाळी यायचात ते सोललेले हात पुढे धरूनच. आई त्या हातांना तेल लावायची. तरी रुमालात बांधून माझ्यासाठी बोरं आणायचं तुम्ही चुकवलं नाहीत. 'खा, आंबट असली तर मला दे,' म्हणायचात आणि सगळी आंबट बोरं तुम्हीच खायचात. मला मात्र एकही गोड लागत नसे. नोकरीला लागल्यावर मी तो अहवाल शोधून वाचला. रुळाबद्दल दोन ओळी होत्या. तुमच्या पिण्याबद्दल पाऊण पान.

दोन वर्षं मी एक नियम मंजूर व्हावा म्हणून धडपडते आहे. शंका आली म्हणून ज्याने गाडी थांबवली, त्याला रुळाची तपासणी झाल्याशिवाय कुणी प्रश्न विचारायचा नाही. आणि तपासणीचा निकाल खात्याकडून नाही, थेट आमच्याकडे यायचा. दोनदा मसुदा परत आला. 'अशाने शिस्त राहणार नाही' असा शेरा होता. आज तिसऱ्यांदा पाठवते आहे. सोबत या मुलीचं प्रकरण जोडलंय, मुद्दाम, तडा नसूनही. तिने गाडी थांबवली हे योग्यच केलं, असं मी सहीनिशी लिहिलंय. कदाचित पुन्हा परत येईल. पण तिच्याकडून खुलासा मागितला जाणार नाही, एवढं आज झालं.

आई आता चिखल्याला मामाकडे असते. ताडीचं साहेबांना शेजारच्या काकींनी सांगितलं, असं ती तेव्हापासून धरून बसली आहे. दोघी एका नळावर पाणी भरायच्या, पण आई त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. काकी वारल्या तेव्हाही त्यांच्या घरी गेली नाही. मी तिच्या शेजारी बसून होते, आणि गप्प राहिले. तिला खरं सांगेन म्हणते, बाबा. दर सुट्टीत म्हणते.