दोन सूत उतरता बोर्ड

चारकोप, सोमवार,
दुपारच्या चहाआधी

श्री. श्यामसुंदरराव यांस,

धाकटे साडू जयवंत यांचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता, गुडघे ऐकत नाहीत.) इकडे सर्व ठीक. तुमचा खांदा कसा आहे? ड्रिल धरताना अजून कळ येते का? सहज विचारतो. रुक्मिणीअक्कांचं पित्त आमसुलाच्या साराने उतरलं, असं कुंदाकडून कळलं. दोघी बहिणी रोज तासभर फोनवर असतात, त्यामुळे आपलं बोलणं दिवाळीपासून बंद असलं तरी दोन्ही घरांचे संबंध उत्तम आहेत. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र जावयाच्या, म्हणजे आकाशच्या, हाती घाटकोपरला धाडतो आहे. जावयाला तुम्ही दारातून परत पाठवणार नाही.

विषय आमच्या वरच्या खोलीचा. तिच्या भिंतीवर तुम्ही बसवलेला पहिला आणि शेवटचा स्विचबोर्ड अजून आहे. तो बसल्यावर मी त्याला माझी लेव्हल पट्टी लावली, बुडबुडा डावीकडे सरकला, आणि मी एवढंच म्हणालो की बोर्ड उजवीकडे दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतरता आहे. त्यावर "पस्तीस वर्षं मरोळला वायरमनकी केली, मला पट्टी दाखवतोस?" असं म्हणून तुम्ही वायरचं भेंडोळं खांद्याला अडकवून, चहा न घेता जिना उतरलात. मीही वरून ओरडलो, "वायरीशिवाय उजेड पाडून दाखवीन!" हे वाक्य गल्लीत तिघांनी ऐकलं. त्यामुळे पुढचं सगळं करणं भाग पडलं.

आता येत्या रविवारी निधीचं डोहाळजेवण. लेकीचा हट्ट की ते वरच्या खोलीतच व्हावं, कारण तिथल्या लाद्या तिने लग्नाआधी माझ्याबरोबर बसून लावल्या आहेत. (तिची रांग माझ्यापेक्षा सरळ आली. हे बाहेर बोलू नये.) पण मुलुंडच्या विहीणबाईंनी तिकडे हॉल बघून ठेवलाय. बाई गोड आहेत, पण त्यांच्या गोडीला माप नाही. "अहो, आमची पोटुशी सून त्या अंधारात कशी बसणार हो?" याला उत्तर म्हणून मी दिवे आणले.

आधी सेलवर चालणारे, भिंतीला चिकटवायचे गोल दिवे, बारा नग. पेन्सिलीने खुणा करून दर अठरा इंचांवर एक. असं काही झकास दिसलं की कुंदा दारात थबकून "अगंबाई!" म्हणाली. (लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, हे दुसरं अगंबाई.) पण दुसऱ्या दिवशी दुपारी वरचा पत्रा तापला, गोंद सुटला आणि टप्, टप् करत बाराही दिवे खाली आले. प्रत्येकाने निघताना तळहाताएवढा रंग सोबत नेला. आता भिंत देवीचे वण असलेल्या माणसासारखी दिसते. वणांमधलं अंतर मात्र बरोबर अठरा इंच आहे, कोणीही मोजावं.

मग उन्हावर चालणारी माळ आणली. हिची एक काळी पाटी असते. ती दिवसभर ऊन पिते, आणि अंधार झालाय असं तिला वाटलं की माळ आपोआप लागते. आमच्यावर पत्रा, म्हणून पाटी शेजारच्या रत्नप्रभाकाकूंच्या गच्चीवर ठेवली. निधीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक लावून, दक्षिणेकडे तोंड करून, नेमकी एकोणीस अंशांत. शनिवारी संध्याकाळी चाचणी घेतली. सव्वासातला माळ लागली आणि खोली अशी उजळली की मला क्षणभर तुमची दया आली. लगेच विहीणबाईंना दुसऱ्याच दिवशी, म्हणजे कालच्या रविवारी, सातला यायचं आमंत्रण दिलं.

त्या आल्या. मोबाइलच्या उजेडात जिना चढल्या. आम्ही सगळे माळेकडे तोंड करून उभे. सव्वासात झाले. साडेसात झाले. मी "आता लागेल, आता" म्हणतोय आणि खोलीत मिट्ट काळोख. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "हवा छान येते हं इथे." निधी खुदकन हसली. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून रत्नप्रभाकाकूंची हाक आली, "जयवंता, तुझी माळ सकाळपासना पेटलली होती मरे! दिसाचे दिवे कित्याक लायतंस? आणि तुझी ती काळी पाटी बरी तापता हां, पापड कसे कडक सुकले!"

घोटाळा ध्यानात आला ना? काकूंनी सकाळी पाटीवर उडदाचे पापड घातले. पापडांखाली पाटीला वाटलं रात्र झाली. रिकाम्या खोलीत माळ दिवसभर जळली आणि खरी रात्र आली तेव्हा तिच्यात जीव उरला नव्हता. काकूंवर रागावताही येईना. पापड निधीच्याच पानात वाढायचे होते. जाताना विहीणबाई म्हणाल्या, "मग हॉलवाल्याला शुक्रवारी नक्की कळवते हं." जिना उतरताना निधी माझा हात धरून म्हणाली, "बाबा, मला माळबीळ नको. एक साधा बल्ब पुरे. पण तो श्यामकाकांनी लावलेला."

लेकरू आहे, बोलतं. तत्त्वतः माझा प्रयोग यशस्वी झालेला आहे आणि वायरिंगवाचून अडत नाही हे माझं म्हणणं कायम आहे. रविवारी अकराला अक्कांना घेऊन जेवायला यावं.

आपला,
जयवंत

ता. क. – रविवारऐवजी गुरुवारीच आलात तर बरं. हत्यारांची पिशवी असू द्या, वाटेत कधी काय लागेल सांगता येत नाही. वायर मी आणून ठेवली आहे. दीड एमएमची आणि अडीच एमएमची, दोन्ही. कारण कुठे कोणती घालतात हे विचारायला तुम्ही फोन उचलला नाही.

आणखी एक ता. क. – आज सकाळी ती लेव्हल पट्टी निधीच्या लाद्यांच्या रांगेवर ठेवली. मग तिथेच उलटी फिरवून ठेवली. दोन्ही वेळा बुडबुडा पट्टीच्या एकाच टोकाला. गवंड्याची पट्टी मागून आणली आणि तुमच्या बोर्डाला लावली. बुडबुडा मधोमध, हलायला तयार नाही. गल्लीतल्या त्या तिघांना मी स्वतः जाऊन सांगून आलो. चौथे तुम्ही.