पत्र लिहायचा वेळ मी वाचवला

नाशिक, ऑगस्ट १९९८

ती. लताताईस,
रोहिणीचा सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना? (नाही लावत, ते इथून दिसतं.) कळवणला पाऊस बरा असेल.

ऑफिसात बसून एवढी लांब पत्रं लिहायला मला वेळ कसा मिळतो, असं तू विचारलंस. ताई, मिळायचा. आम्ही द्राक्षांच्या शीतगृहांतल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहितो. लिहून झाला की संगणक तो स्वतःच्या भाषेत उतरवून घेतो. त्याला कम्पाइल म्हणतात, आणि तोवर माणसाने गप्प बसायचं. आमच्याकडे हा वेळ भरघोस होता, मॅक्रोंच्या कृपेने. मॅक्रो म्हणजे लग्नपत्रिकेतलं 'समस्त परिवार'. आपण दोन शब्द लिहून मोकळे. संगणक मात्र ते दिसतील तिथे तिथे काका, मामा, व्याही, सगळी नावं पुन्हा लिहून काढतो. (त्या नावांत आणखी एक 'परिवार' निघाला, तर तोही.) जुन्या साहेबांनी असे परिवारात परिवार घालून ती पत्रिका प्रत्येक फाइलला आग्रहाने वाटली होती.

नवे साहेब खंडेराव म्हणाले, हे आवरा. मी आवरलं. मोठ्या मॅक्रोंची फंक्शनं केली, म्हणजे नावं एकाच जागी लिहून बाकीच्यांना 'तिथे जाऊन बघा' म्हटलं. ज्यांचा संबंध नव्हता त्यांची आमंत्रणं रद्द केली. (आपल्या घरात हे कुणाला जमलंय?) प्रोग्राम आटला, आणि चहा कपात ओतेपर्यंत कम्पाइल संपू लागलं.

साहेब खूश. बाकी कुणी नाही. नवनाथ म्हणाला, "मॅडम, कम्पाइल लावून टपरीवर जाऊन यायचो. तेवढं एक सुख होतं, तेही बघवलं नाही का तुम्हाला?" तृप्ती नणंदेच्या बाळासाठी स्वेटर विणत होती. "एक बाही राहिलीय हो. बाळ थांबणार आहे का?" मी हसले. मग तुझ्यासाठी कागद काढला, 'गुडघा कसा आहे' इथवर आले, आणि पडद्यावर काम झाल्याची ओळ हजर. घरी सासूबाई, कुकर, मुलांचे अभ्यास. यंत्र मला थांबवायचं तेवढाच वेळ माझा एकटीचा होता, आणि तो मी स्वतःच, डोकं लावून, काटकसरीत घालवला.

तुझी,
रोहिणी

ता. क. आता पत्रांचा भरवसा नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तूच ये. एसटीत गुडघा आखडतो, हे कारण मी आधीच वाचलं असं समज.

ता. क. पुन्हा : मग हे एवढं पत्र पुरं कसं झालं, असं विचारशील. काल एक मॅक्रो मी होता तसा परत घातला. साहेबांना अजून कळलेलं नाही. तृप्तीची बाही झाली.