ब्रिटाचा माळ

प्रिय ट्रॅव्हिस,

कसा आहेस? पाठ दुखायची थांबली का, की अजून त्या लाकडाच्या वखारीत कमरेला पट्टा आवळून उभा राहतोस? डोरीनच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं असं हॅटीकडून कळलं. तुझ्या आईला सांग, काठीचा एवढा राग करू नये, जिन्यावर तरी ती हवीच. गसचे कान अजून वाहतात का? म्हातारं कुत्रं आणि म्हातारी बाई, दोघांनाही उन्हात पडू द्यावं, असं माझं मत आहे. आणि माझी हॅटी! पुढचे दोन दात पडले म्हणे. फोनवर बोलताना तिची शीळ वाजत होती. ते दात असलेलं तोंड मी शेवटचं पाहिलं ते ब्रिटाला शेवटचा निरोप दिला त्या उन्हाळ्यात. त्यानंतर तुम्ही दोघांनी या अंगणात पाऊल टाकलं नाही. कधी वखारीत काम निघतं, कधी रस्त्यावर बर्फ असतो. सासू असून मी खोदून विचारत नाही, पण बर्फ वितळल्यावरही तू येत नाहीस, हे मला दिसतं. अशीच आणखी दोन वर्षं गेली, तर त्या पोरीला आजी म्हणजे फोनमधला एक आवाज एवढंच कळेल.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या ऑर्विननं गाई विकल्यापासून त्याला उद्योग राहिलेला नाही. रोज सकाळी कॉफी प्यायला येतो आणि माझ्या चुका काढतो. परवा फ्रीझरमधले रूबार्बचे आंबट देठ काढून केक केला, तर दोन तुकडे खाऊन म्हणाला, "वाईट नाही." इथं लग्नातसुद्धा याहून मोठं कौतुक कोणी करत नाही, तेव्हा मी ते पदरात घेतलं.

ब्रिटानं या अंगणात रानफुलांचं बी पेरलं तो दिवस मला हल्ली फार आठवतो. सगळा शरद ऋतू ती जुन्या रुळांच्या कडेनं उशीचे अभ्रे घेऊन ते बी गोळा करत हिंडली होती. डॉक्टरांनी जे सांगायचं ते तोवर सांगून झालं होतं. पहिला बर्फ पडला तशी ती म्हणाली, "आई, आजच टाकायचं. पांढऱ्यावर बी कुठं पडतंय ते दिसतं. आणि याला थंडी खाऊ दे पोटभर, गारठल्याशिवाय हे जागंच होत नाही." ओल्या वाळूत कालवलेलं बी ती मुठीनं फेकत होती आणि हॅटी लाल बूट घालून ते तुडवत होती. तू थर्मास धरून उभा होतास. "एवढे कष्ट करून पेरताय काय, तण?" असं म्हणालास आणि तिनं फेकलेला बर्फाचा गोळा तुझ्या मानेत गेला. ती किती हसली होती.

मग तो उन्हाळा आला. खिडकीपाशी तिची खाट होती आणि बाहेर गुडघाभर गवत माजलं होतं, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या तुऱ्यांचं. ती गेली. दफनाच्या आदल्या दिवशी तू यंत्र काढून सगळं अंगण सपाट कापलंस. आपल्या गावात माणसं भेटायला येणार म्हटल्यावर न कापलेलं अंगण कोण ठेवतं? खिडकीतून मी पाहत होते. मलाही तिथं गवतच दिसलं. दुसऱ्या दिवशी दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवताना ऑर्विनची बहीण व्हर्लीन सहज म्हणाली, "ब्रिटाची फुलं उगवली का रे? कुठंशी पेरली होती?" तू हॅमचा पाव तसाच ताटलीत ठेवलास आणि बाहेर गेलास. तेव्हापासून तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसला आहेस.

मीही बोलले नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिथं काळ्या बोंडाची पिवळी फुलं आली. मला वाटलं, चुकूनमाकून वाचलेली असतील. पण गेल्या जुलैत माझा विश्वास बसेना. जांभळी शंकूफुलं, पुदिन्याच्या वासाचं बर्गमॉट, माझ्या खांद्याला लागणारी लायट्रिसची फुलदांडी, आणि मधमाशा एवढ्या की ऑर्विन कुंपणापलीकडूनच म्हणाला, "मार्लिस, तुझं तण बरंच शिकलेलं दिसतंय." गेल्या महिन्यात ग्रंथालयात बियांची देवघेव होती. तिथं माळराखणीचं काम करणारी एक बाई आली होती. मी तिला सांगितलं की हा माळ माझ्या मुलीचा. तिनं पहिलाच प्रश्न केला, "पहिल्या उन्हाळ्यात किती वेळा कापलंत?" मी म्हटलं, एकदाच, तेही पाहुणे येणार म्हणून. तर ती म्हणते, "आणखी दोनदा कापायला हवं होतं." पहिल्या वर्षी ही रोपं जमिनीवर बोटभर आणि जमिनीखाली हातभर असतात. वरचं गवत कापलं नाही तर त्याच्या सावलीत ती गुदमरतात. तुझ्या यंत्राचं पातं त्यांच्या डोक्यावरून गेलं, आणि त्यांना ऊन मिळालं.

हे मला फोनवर सांगता आलं असतं. पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. त्या बाईच्या सांगण्यावरून एप्रिलमध्ये माळ जाळायचा आहे. जुना वाळका कचरा जळून जमीन काळी झाली की ऊब धरते, आणि मुळांना खाली काही होत नाही. अग्निशमन दलाकडून परवाना काढला आहे. ऑर्विन पाण्याची टाकी जोडून ट्रॅक्टर उभा करणार आहे. "आणि आग कोण लावणार? तू? भुवया जाळून घेशील," असं म्हणाला. मी म्हटलं, आग माझा जावई लावणार. होय, तूच. ब्रिटाच्या माळाला आग लावायला मला दुसऱ्या कोणाचा हात नको. हॅटी पायरीवर माझ्याजवळ बसेल. वारा पडेल तो दिवस आपला, म्हणून तीनचार दिवसांची सवड काढून या. आणि उत्तर लवकर लिही, पण कागदावर. फोनवर तू "बघू" म्हणतोस, ते शाईनं लिहायला तुला लाज वाटेल.

तुझीच,
मार्लिस