काहिलीवरची हाक

शिलाँग

आक्का,
तुझ्या आणि आईच्या पाया पडतो.

मी बरा हाय. रेकॉर्डिंग संपलं, आता गावोगावी बँडचे कार्यक्रम चाललेत. जेवाण येळेवर मिळतंय. आईचा गुडघा कसा हाय?

तिला एवढंच वाचून दाखव. फोनवर ती शेजारीच असती, म्हणून पुढचं तुला लिवतोय.

आबा गेले, गुऱ्हाळ बंद पडलं, पण त्यांचा आवाज आमच्या गाण्यात हाय. उसाचा रस उकळायच्या काहिलीचा खदखदाट मी मोबाईलवर घेतलता. गिटारीमागं तो वाजला की लोकं डोळं मिटून डोलत्यात. शेवटाला आबा वरडतात, "उतरा रं काहील, करपतंय!"

आमचा गाणारा ऋतुराज नशेच्या गोळ्या घेतल्याबिगर स्टेजवर चढत न्हाय. आता तर झोपतबी न्हाय. मॅनेजर म्हणतो, लोकांना त्येचं हे झिंगणंच आवडतंय.

आबांच्या त्या हाकेसरशी गुऱ्हाळातली सगळी हातातलं टाकून धावायची, तुला ठावं हाय की. काल ती हाक आली तवा ऋतुराज स्टेजवर कोसळलता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, आबांचा पोरगा, गिटार वाजवतच राहिलो.

तो शुद्धीवर आलाय. आज परत तेच गाणं हाय.

तुझा,
हंबीर