टाकीतलं फूल आणि विहीणबाईंची सही

मी, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, शर्टांच्या कारखान्यात जन्मभर काजे-बटणे केलेली, पूर्ण शुद्धीत, कोणी कान न भरता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की हेच माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र समजावे. वकिलांनी नमुना दिला होता. त्यात श्वास घ्यायला जागा नव्हती, म्हणून माझ्या पद्धतीने लिहिते.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते मुलाला व सुनेला मिळून. सून गुणाची आहे. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, हा वेगळा विषय आहे. तो पुढे येईल.

कलम २. शिलाई मशीन शेजारच्या शिंपिणीला. मोठी कात्री कोणालाच देऊ नये. तिचा पराक्रमही पुढे येईल.

कलम ३. खाऱ्या पाण्याची टाकी. आमचे हे काच कापायचे. उरलेल्या काचा जोडून त्यांनी ही दोन फुटी टाकी केली, अजून थेंब गळत नाही. आत दोन नारिंगी मासे, दगड, आणि दगडांवर वाढणारी जिवंत पोवळी. माझी नात ठकी दर रविवारी येते आणि आधी माशांशी बोलते, मग माझ्याशी. माझी तक्रार नाही. टाकी जिथे, ठकीचा रविवार तिथे.

विहीणबाईंनी हे ओळखले. माझी टाकी बघून गेल्या आणि महिन्याभरात दुकानातून चार फुटी आणली, निळ्या दिव्याची. ठकी म्हणू लागली, "आजी, त्या आजीकडे ना, गुलाबी पोवळं आहे." माझा जळफळाट झाला, तो इथे लिहून ठेवते. सबब टाकी ठकीची, पण राहील याच खिडकीशी. विहीणबाईंच्या घरी तासभरसुद्धा जाणार नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी लगेच विहीणबाईंना साक्षीला बोलावले. त्या आत्ता माझ्या स्वयंपाकघरात चहा करत आहेत. साखर कमीच घालतील.

कलम ४. टाकी सांभाळणाऱ्याने हे नीट वाचावे. एकदा दगडावर काचेसारखे तपकिरी फूल आले. मी हरखले, त्याला ड्रॉपरने खाऊ घातले. शेजारचे पोवळे आक्रसले, तर मला वाटले लाजले. फूल फार पसरले तेव्हा कात्रीने छाटले. काजे करणाऱ्या हाताला लोंबते काही बघवत नाही. महिन्यात एकाची वीस झाली. मासेवाला म्हणाला, "आजी, फूल कसलं, कीड आहे ती. डंख मारून पोवळी मारते. जेवढे तुकडे कराल तेवढी वाढेल."

उपाय असा. आधी पंप बंद करावा. घट्ट कालवलेला चुना बिनसुईच्या सिरिंजने तिच्या तोंडावर हळूच सोडावा. धसमुसळेपणा केला की ती भोकात शिरते. ठकी हे माझ्यापेक्षा सुरेख करते, जीभ बाहेर काढून. बारक्या किडींना पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी सोडावी, ती खाऊन टाकते.

कलम ५. विहीणबाईंच्या वाढदिवसाला मी टाकीतला एक दगड भेट दिला. त्यावर दोन बारक्या किडी होत्या. मला दिसत होत्या, चष्मा डोळ्यांवर होता. आठवड्याने त्यांचा फोन, "विहीणबाई, तुमच्या दगडाला किती गोड फूल आलंय हो." मी म्हटले, "जपा." गुलाबी पोवळे मेले. ठकी रडली, आणि रविवारी परत इकडे येऊ लागली. मी त्या दिवशी काच दोनदा पुसली, आनंदाने.

इथवर लिहिले आणि विहीणबाई चहा घेऊन आल्या. दुसऱ्या हातात बरणी, आत कोळंबी.

"ठकी म्हणाली, तुमच्याकडे परत कीड दिसतेय. माझी कोळंबी ठेवा."

"तुमच्याकडची कीड संपली का?"

"कुठली संपतेय. पण तुमच्या ह्यांच्या हातची टाकी आहे, आधी ती वाचू दे."

"तुमच्याकडे आली कुठून ती?" माझ्या तोंडून निघून गेले.

"दगडावरून आली. तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं," म्हणाल्या, आणि कोळंबीला पाण्याची सवय व्हावी म्हणून बरणी टाकीत तरंगत ठेवली. चहात साखर बरोबर होती.

कलम ६. कलम ३ खोडले आहे, खोडलेल्या जागी माझी सही आहे. टाकी, मासे, सिरिंज सर्व विहीणबाईंना. ठकीने रविवारी तिकडे जावे. निळा दिवा आमच्या माशांवर लावू नये, त्यांना शोभत नाही. आणि ठकीने तिथे अधूनमधून म्हणावे की त्या आजीकडे टाकी जास्त चकचकीत असायची. कलम ५ मी खोडत नाही. विहीणबाई, रागवायचे तर माझ्या फोटोवर रागवा, मी ऐकून घेईन.

लिहून देणार: ठकीची आजी
साक्षीदार १: खालचे दातांचे डॉक्टर
साक्षीदार २: विहीणबाई (खोडले), त्यांच्याऐवजी कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले
ठिकाण: पुढची खोली, टाकीशेजारी
दिनांक: चौदा तारीख, शनिवार

विहीणबाई विचारत आहेत, बोलावून घेतलं आणि आता माझी सही का नको. त्यांना सांगितले, तुमचे अक्षर बरे नाही.