टोपण

सोमवार, ३ जुलै २००६

टोचली! मलाच! बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. वॉर्डातल्या कृष्णस्वामी तात्तांना — सगळ्यांचे आजोबाच ते — इन्सुलिन दिलं, सुईला टोपण परत घालायला गेले आणि नेम चुकला — डाव्या अंगठ्यात. समोर भिंतीवर माझ्याच हातचा तमिळ फलक, लाल शाईत: सुईला टोपण परत घालू नका!

साबणानं धुतलं. आता तात्तांच्या रक्तात काही नसलं म्हणजे मिळवली. तपासायला त्यांचीच परवानगी हवी. हात पुढे करून म्हणाले, "घे अम्मा. साखरेशिवाय काही सापडलं तर मलाही सांग!" माझंही रक्त दिलं. निकाल उद्या संध्याकाळी.

घरी ह्यांना सांगितलं. "पेनाला कधी टोपण लावत नाहीस, सुईला बरं लावलंस!" हसले. मग अंगठा हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिले.

मंगळवार, ४ जुलै

सासूबाईंनी अंगठ्यावर हळद थापली. शिवणाची सुई समजल्या! मीही तसंच समजू दिलं.

वॉर्डात 'सुई टोचल्याची नोंदवही' काढली. चार वर्षं माझ्याकडे आहे, पानं कोरी. पाहणीला कुणी आलं की मी ऐटीत उघडून दाखवते — आमच्याकडे कुणाला टोचत नाही! आज पहिलं नाव माझं. 'कसे घडले?' — टोपण घालताना. लाज वाटली, तरी हाताखालच्या नर्स मुलींना मोठ्यानं वाचून दाखवलं. खो खो हसतील वाटलं होतं. एकही हसली नाही. रम्या तर एरवी केवढी बडबडी — खाली मान घालून उभी.

संध्याकाळी निकाल. तात्तांच्या रक्तात काही नाही! "सांगितलं नव्हतं? नुसती साखर!" घरी येऊन पायसम केलं. दोन वाट्या खाल्ल्या, एक तात्तांच्या नावानं.

बुधवार, ५ जुलै

अंगठा अजून पिवळाच. फलकाखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय — 'सिस्टर, तुम्हीसुद्धा!' पुसलं नाही.

गुरुवार, ६ जुलै

वहीत माझ्याखाली दुसरं नाव. रम्या. टोचल्याची तारीख — ९ मार्च २००४! हाताला धरून तशीच तिला रक्त तपासायला नेलं. परत येऊन पुढचा रकाना वाचला. 'कुणाला कळवले?' — कुणालाच नाही. सिस्टरना कोरी वही फार आवडते.