दगडावर नाव, चुलीपाशी वाटा

आत्या, तुम्ही कशा आहात? गुडघे अजून कुरकुरतात, की तिकडं खाली बसावंच लागत नाही? मामाजींचा खोकला एकदाचा थांबला असेल. तुमची माय, तोंडात दात नसताना सुपारी मागायची ती, बरी आहे ना? आणि आपली शिंगमोडकी गाय? तुमच्याशिवाय कोणाला कासेला हात लावू द्यायची नाही. आता तुम्ही दोघी एका जागी, म्हणजे दुधाची ददात नसेल. इकडं मी ठीक आहे. नातीच्या पाटीवर गिरवत गिरवत या वयात लिहायला शिकले. अक्षर वाकडंतिकडं असलं तर बोल लावू नका, तुम्हाला तर सरळ लिहिलेलंही वाचता येत नव्हतं.

परवा तुमच्या गावच्या बाजारात गेले होते. लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड अजून तिथंच उभा आहे. त्याला कोणी बकरी बांधली होती आणि मिरच्या विकणारी एक बाई पाठ टेकून निवांत बसली होती. तुमच्या लेकाचं नाव तिच्या पाठीमागं. मला ते वाचायचं होतं, आता वाचता येतं म्हणून. पण सरक म्हणायला जीभ उचलली नाही, अर्धा पाव मिरच्या घेऊन परत आले.

तुम्हाला आठवतं ना, तो दगड कसा आला ते? लढाई संपून कितीक पावसाळे गेले होते, सरकारनं मालगुजारीही नुकतीच बुडवली होती. नागभीडच्या ठेसनावर गाडीत चढलेला तुमचा लेक, माझा नवरा, परत आला नव्हता आणि मेल्याची तारही आली नव्हती. अशात मालगुजार, कालपर्यंतचा गावाचा जमीनदार, चार माणसं घेऊन आपल्या ओसरीवर आला. ज्यानं गोडगोड बोलून पोरं गोळा केली आणि सैन्यात धाडली, तोच आता त्यांच्या नावाचा दगड रोवायला निघाला होता. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

"बाई, तुमच्या लेकाचं नाव अमर होऊन जाईन," तो म्हणाला.

तुम्ही धान पाखडत होतात. मानही वर केली नाही. "अन् तुमचं नाव कुठी राहीन, भाऊ?"

"वरती. दगड मी बसवून राह्यलो ना."

"हो. जितेपनी बी तुमी वरतीच होते."

चौघांतला एक जण फिसकन हसला. मग तुम्ही सूप खाली ठेवलंत. "जित्या मानसाच्या नावानं दगड नाई रोवत. जीव तिथीच बसते, मंग घराची वाट नाई धरत." जंगलातल्या गावांत मेलेल्याच्या नावानं उभा दगड रोवतात, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं. मालगुजार आला तसा परत गेला.

पण आत्या, त्या दिवसापासून मला तुमचाच संशय येऊ लागला. पोळ्याला माझा भाऊ आला, तो त्यात तेल ओतून गेला. म्हणाला, "दगडावर नाव आलं का तुहा पाट लावता येते. बुढी काऊन होऊ देईन? धानाच्या रोवन्याले फुकटचे हात कोनाले नकोत?" आपल्यात नवरा गेलेल्या बाईला पाट लावून दुसरं घर मिळतं. नवरा हरवलेल्या बाईला कुंकू पुसता येत नाही आणि दुसऱ्याचं लावताही येत नाही. तुम्ही ताटात भात वाढायचात तेव्हा मी तुमच्या हाताकडं बघायची. वाटायचं, ही मला पोसते आहे की बांधून ठेवते आहे?

आणि एका दुपारी तुम्ही एकट्याच मालगुजाराकडं गेलात. मला सोबत नेलं नाही. परत आल्यावर पाय धुता धुता म्हणालात, "सांगून आली. कोराले लावा म्हनलं नाव." एवढंच. तिथं काय बोलणं झालं, मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. दगड उभा राहिला त्या दिवशी तुम्ही तेल लावून माझ्या बांगड्या उतरवल्यात. शेजारणी म्हणाल्या, फोडाव्या लागतात. तुम्ही म्हणालात, "काचेनं का गुन्हा केला?"

मग नवं आलं. नव्या तांदळाचा पहिला भात. जितं माणूस परगावी असलं तरी त्याचा वाटा चुलीपाशी ठेवायचा, मेलेल्याचा बाहेर, अंगणात, पळसाच्या पानावर. मी चुलीशी बसले आहे, तुमच्या हातावरून नजर काढत नाही. मामाजींचं पान बाहेर जातं. तुम्ही आत येता, एक द्रोण भरता आणि तो चुलीपाशी ठेवता.

"आत्या, दगडावर नाव अन् वाटा इथी?"

"दगड गावाचा हाय. चूल माही हाय."

"मंग नाव काऊन देलं?"

तुम्ही विझलेल्या लाकडावर फुंकर घातलीत, घर धुरानं भरलं. "तुहा भाऊ उन्हाळ्यात येईन. तुले जाचं हाय, पोरी. जेव आता, थंडा होऊन राह्यला भात."

मी गेले. घर चांगलं मिळालं, माणूस चांगला मिळाला. तुम्ही माझ्यापायी स्वतःच्या लेकाला दगडावर चढवलंत, असं मी धरून चालते. पण संशय म्हणजे धानातला खडा, कितीही निवडा, एखादा दाताखाली येतोच. मालगुजारानं त्या दुपारी तुम्हाला काही सांगितलं होतं का? तो गेल्याचं काही खरं कळलं होतं, आणि मला कळू नये म्हणून तुम्ही द्रोण चुलीपाशी ठेवलात?

नात विचारते, आजी, पाकिटावर पत्ता कोणता? मी कागद तांदळाच्या कोठीत सारून देते, तिथं कोणी हात घालत नाही. या घरात कोणाला ठाऊक नाही ते तुम्हाला सांगते. नव्याच्या दिवशी मी अजून एक द्रोण जास्तीचा भरते. इथं चुलीपाशी ठेवायचा मला हक्क नाही आणि बाहेर ठेवायला हात धजत नाही. म्हणून उंबरठ्यावर ठेवते. वर सगळ्यांची खुशाली विचारली, एकाची तेवढी विचारली नाही. तो तिकडं तुमच्याकडं आहे की नाही, एवढं लवकर लिहा, आत्या. धान पिवळं पडलं आहे, नवं जवळ आलं.